पंचायत ४ : फुलेऱ्याचा निकाल तुम्हाला पटला का? (रसभंग आहे)

ओसरी

'पंचायत' या हिंदी वेब मालिकेचा चौथा सीझन २४ जून २०२५ला प्राइम व्हिडिओवर आला. आठही भाग बघून झाले आणि ओळखीपाळखीत ज्याला विचारावं तो एकच सूर लावतोय की शेवट बघून मन खट्टू झालं. म्हणून हा धागा. पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे, बघायचं बाकी असेल त्यांनी बघून मगच या.

उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायतीची निवडणूक होते. मंजूदेवी हरते, क्रांतीदेवी प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, होते. मंजूदेवीच्या दुधी या चिन्हावर क्रांतीदेवीचा कुकर भारी पडतो. पहिल्या सीझनपासून प्रधानजी (मंजूदेवीचा नवरा, कारभार त्याचाच) सचिवजींच्या (शहरातून आलेला पंचायतीचा सचिव अभिषेक) हाती जो दुधी ठेवत आले, तोच चिन्ह होऊन आला तेव्हा मी हरखले होते, आणि तोच पडला तेव्हा पोटात गोळा आला. तरी माझं मत असं की निकाल अगदी बरोबर आहे. लेखक चंदन कुमार आणि दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रा यांनी ही हार ऐनवेळी आणलेली नाही. ती २०२० पासून पेरलेली आहे.

पहिल्या सीझनमधला सौर दिव्यांचा भाग आठवून बघा. गावाला दिवे मंजूर होतात, बैठक बसते आणि दिवे कुणाकुणाच्या दारात लागणार याची वाटणी होते. सदस्य आपापलं दार बघतात. उरलेला दिवा भुताच्या झाडापाशी लावायचं ठरतं. सचिवजींना तो ऑफिसजवळ हवा, कारण रात्री अभ्यास करायचाय, आणि तिथून भुताची सगळी धमाल सुरू होते. आपण अभिषेकच्या खांद्यावरून बघत असतो, त्यामुळे त्याचं काम झालं की आपण खूश. पण ज्या गल्लीत एकही दिवा लागला नाही, तिथल्या माणसाला त्या बैठकीबद्दल काय वाटलं असेल? दुसऱ्या सीझनमध्ये रस्त्याची बोंब. तिसऱ्यात घरकुलं पूर्वेकडे गेली आणि पश्चिमेकडचे बघत राहिले. क्रांतीदेवीच्या नवऱ्याला, भूषणला, आपण बनराकस (रानातला राक्षस) म्हणून खलनायक ठरवलं, माणूस खुनशी आहे हेही खरं. पण तो ज्या गोष्टींवरून भांडत आला त्या बऱ्याचशा खऱ्या होत्या. पाच वर्षांनी मतपेटीत तेच निघालं.

माझी नाराजी दुसरीकडेच आहे. आधी प्रत्येक भागाच्या मुळाशी एक सरकारी काम असायचं. दिवे, भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या घोषणा, हागणदारीमुक्तीची पाहणी, सीसीटीव्ही, नशामुक्तीची गाडी, घरकुल. वरून कागद यायचा, गाव तो आपल्या पद्धतीने अमलात आणायचं, आणि हसू-रडू सगळं त्यातूनच निघायचं. या खेपेला सचिवजींच्या टेबलावर कामच नाही. नुसता प्रचार.

तुम्हाला काय वाटलं? सविस्तर लिहा, नुसतं 'आवडलं' किंवा 'बकवास' नको.

वाटसरू

सविस्तरच लिहितो, कारण मला हा सीझन फार लागलाय, वाईट अर्थाने.

निकालावर माझा राग नाही. हरवायचं तर हरवा. पण तिथपर्यंत नेताना काय केलंत? एका गटाने चाल करायची, दुसऱ्याने ती उलटवायची, मग पहिल्याने परत काहीतरी काढायचं. दोन भागांत लक्षात येतं की गोष्ट अशीच चालणार. तिसऱ्या सीझनच्या शेवटी प्रधानजींना गोळी लागली होती, दवाखान्यात हाणामारी झाली होती. एवढा मोठा प्रसंग हाताशी असताना त्याचं ओझं कुणाच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही. प्रधानजी सुरुवातीला घाबरलेले दाखवलेत, रघुवीर यादवांनी ते डोळ्यांतून इतकं छान दाखवलंय, आणि मग ते बाजूला पडतं कारण प्रचाराला निघायचंय.

मला या मालिकेत काय आवडायचं सांगू? तिथे कुणालाच कसली घाई नसायची. पाण्याच्या टाकीवर बसून गप्पा, ऑफिसच्या पायरीवर बसून फोन, चार माणसं आणि एक बाटली. या वेळी प्रत्येकजण कुठेतरी निघालेला आहे. माणसं तीच आहेत, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत, डावपेच आखतात.

झुंजूमुंजू

वाटसरूंशी सहमत. शिवाय सचिवजी आणि प्रधानजींची मुलगी रिंकी यांचं एवढं रेंगाळलेलं प्रकरण एकदाचं मार्गी लागलं, पण तेही घाईघाईत उरकल्यासारखं. मला त्या दोघांसाठी एक अख्खा शांत भाग हवा होता.

पारावरचा

ओसरीताई, सचिवाच्या टेबलावर काम नाही ही तुमची तक्रार मला उलट सीझनची खरी बाजू वाटली. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते. नवीन काम मंजूर करता येत नाही, उद्घाटन करता येत नाही, मतदाराला भुलवेल अशी घोषणा करता येत नाही. आमच्या गावात या काळात ग्रामपंचायतीत गेलं की ग्रामसेवक दाखले देणार, घरपट्टीची पावती फाडणार, बाकी सगळं 'निवडणुकीनंतर बघू'. ऑफिस असं थंड पडतं आणि सगळा आवाज पारावर, चहाच्या टपरीवर आणि दोन्ही पॅनेलच्या अंगणात जातो. फुलेऱ्यात तेच दाखवलंय. गटारीवरून, रस्त्यावरून वर्षभर न बोलणारी माणसं या पंधरा दिवसांत बोलतात.

मला खटकलं ते वेगळंच. सचिव हा सरकारी नोकर. निवडणुकीत त्याने कुणाचीही बाजू घ्यायची नसते. अभिषेक मंजूदेवीच्या गोटात बसतो, सल्ले देतो, हार-जितीची चिंता वाहतो. आपल्याला तो आवडतो म्हणून ते चालून जातं. आमच्या गावातल्या ग्रामसेवकाने असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) अर्ज गेला असता, आणि अर्ज करणाऱ्याला मीही चूक म्हटलं नसतं. विरोधी गट सचिवावर खार खाऊन असतो त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

ओसरी

पारावरचा, आचारसंहितेचा मुद्दा पटला. पण मग लेखकांनी तेच कागद म्हणून का नाही आणलं? आचारसंहिता हाच एक भाग होऊ शकला असता. मंजूर झालेलं पण अडकलेलं एखादं काम, त्यासाठी हेलपाटे घालणारी एखादी म्हातारी, नियम सांगणारा सचिव आणि मतांसाठी नियम वाकवायला बघणारे दोन्ही गट. तिसऱ्या सीझनमधली ती आजी आठवते ना, वेगळं घरकुल मिळावं म्हणून नातवाशी भांडण झाल्याचं नाटक करणारी? तिला खोटं बोलताना बघून आपण हसलो आणि तिने ते का केलं हे कळल्यावर गप्प झालो. अशी एक तरी आजी या वेळी हवी होती.

अबोली

मी जरा वेगळीकडे जाते. सगळे मंजूदेवी हरली म्हणतायत. मला सांगा, निवडणूक मंजूदेवी लढली का?

माझ्या सासूबाई एक टर्म सरपंच होत्या. जागा महिलांसाठी राखीव पडली, घरात चर्चा झाली ती फक्त पुरुषांची, आणि सासूबाईंना फॉर्मवर सही करायला बोलावलं. निवडून आल्यावर गुलाल सासऱ्यांच्या अंगावर होता. पहिल्या ग्रामसभेला त्या खुर्चीत बसल्या आणि प्रश्न विचारणाऱ्याने मान वळवून सासऱ्यांकडे बघून प्रश्न विचारला. त्यांनी ते मला नंतर सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता, पण त्या वेळी हातात धरलेल्या पदराचं टोक कसं पिळत होत्या ते करून दाखवलं. पुढे त्या शिकल्या. ठराव वाचून घेतल्याशिवाय सही करायच्या नाहीत. सासऱ्यांना ते जड गेलं. टर्म संपताना गावातल्या बायका थेट त्यांच्याकडे यायला लागल्या होत्या, आणि तेवढ्यात आरक्षण फिरलं.

म्हणून मी 'पंचायत' पहिल्यापासून मंजूदेवीसाठी बघते. पहिल्या सीझनच्या शेवटी ती राष्ट्रगीत पाठ करते आणि झेंडा फडकवायला उभी राहते, तिथे मी रडले होते. त्यानंतर वाटलं होतं की आता ही बाई दर सीझनला थोडी थोडी पुढे सरकेल. थोडी सरकली, नाही असं नाही. पण चौथ्या सीझनच्या निवडणुकीत पोस्टरवर तिचा फोटो आणि ओट्यावरचे निर्णय नवऱ्याचे. तिकडे क्रांतीदेवीचंही तेच, तिचा नवरा भूषण. दोन बायकांच्या नावाने दोन पुरुष लढले. नीना गुप्ता आणि सुनीता राजवार यांना समोरासमोर जे मोजके प्रसंग मिळाले त्यांत दोघींनी पडदा पेटवलाय. ते बघून तर अजूनच वाटलं की लेखकांनी या दोघींनाच भांडायला का नाही सोडलं?

टाकसाळ

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ही मालिका काढणाऱ्या टीव्हीएफबरोबर 'असली प्रधान कौन?' नावाची छोटी फिल्म काढली. मुख्य भूमिकेत नीना गुप्ताच. विषय हाच, बाई निवडून येते आणि कारभार नवरा करतो. म्हणजे सरकारलासुद्धा हा प्रश्न सांगायला याच मालिकेची माणसं जवळची वाटली. त्यामुळे तीनच महिन्यांनी आलेल्या चौथ्या सीझनकडून तुमची जी अपेक्षा होती ती अजिबात जास्त नव्हती.

बाकी पार्श्वभूमी म्हणून, ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या ५० टक्के केल्या. म्हणजे पंचायतीत बायका आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि अजूनही उत्तरेत 'प्रधानपती', आपल्याकडे 'सरपंचपती' हे शब्द रोजच्या वापरात आहेत.

मधली सुट्टी

एक शंका. तिकडे प्रधानाला गाव थेट मत देतं का? आमच्याकडे तर मध्ये सदस्य निवडून यायचे आणि ते सरपंच ठरवायचे.

टाकसाळ

हो, उत्तर प्रदेशात प्रधान थेट मतदारांतून. महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून सरपंच ठरायला लागला आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. तुम्ही म्हणताय ते मधल्या काळातलं असेल किंवा २०१७ च्या आधीचं. गोष्टीच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. सदस्यांनी प्रधान निवडायचा असता तर भूषणला चार-पाच माणसं फोडून भागलं असतं. थेट निवडणूक असल्यामुळे त्याला गल्लीगल्लीत जावं लागलं, लोकांच्या पाया पडावं लागलं. त्याचा गट या सीझनमध्ये गावात जास्त फिरताना दिसतो, आणि प्रधानजींच्या गटाला आपण जिंकणारच असा एक आतला विश्वास आहे. गावच्या निवडणुकीत असा विश्वास फार महागात पडतो.

खडूफळा

अजून विनोदवर कुणीच कसं लिहिलं नाही? मला तर या सीझनमधून तोच एक प्रसंग कायमचा मिळाला.

विनोद म्हणजे भूषणच्या मागे फिरणारा, ज्याचं गावात कुणी ऐकत नाही असा माणूस. प्रधानांच्या गटाला वाटतं की हा फुटेल, म्हणून त्याला घरी जेवायला बोलावतात. विनोद येतो. त्याला मानाने बसवतात, वाढतात. अशोक पाठक त्या जेवणात जे करतो ते परत जाऊन बघा. आधी तो संकोचलेला आहे, जागा पुरेशी असूनही अंग चोरून बसलाय. मग घास चांगला लागतो, आग्रह होतो, आणि चेहऱ्यावर एक लहान मुलाचा आनंद पसरतो की आपल्यालाही कुणी असं बोलावलं. मग बोलणं हळूहळू निवडणुकीवर येतं. बोलावण्यामागचा हेतू त्याच्या ध्यानात येतो. तो चिडत नाही. त्याला वाईट वाटतं. गरीब असलो तरी गद्दार नाही, एवढंच तो सांगतो. आणि वाढणारे हात जिथल्या तिथे राहतात.

मला त्या क्षणी प्रधानजी, ऑफिसातला सहायक विकास आणि उपप्रधान प्रह्लाद या तिघांकडे बघवलं नाही, इतकी ती माझी लाडकी माणसं आहेत. ओसरी म्हणतायत ना की आपण कायम अभिषेकच्या खांद्यावरून बघत आलो, तर हा एक प्रसंग असा आहे की कॅमेरा पलीकडे जाऊन विनोदच्या ताटाशी बसला. आपली माणसं पलीकडून कशी दिसतात ते तिथून कळलं. निवडणुकीचा निकाल मला त्याच रात्री लागल्यासारखा वाटला, मतमोजणी नंतर झाली एवढंच.

दिवेलागण

खडूफळा, मनातलं लिहिलंत. मी त्या प्रसंगानंतर थोडा वेळ पुढचं लावलंच नाही.

मला प्रह्लादबद्दल लिहायचंय. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा मुलगा शहीद होतो. २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेब मालिकांचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला आणि तो याच दुसऱ्या सीझनला मिळाला, त्यात त्या शेवटच्या भागाचा मोठा हात असणार असं मी धरून चालते. तिसऱ्या सीझनमध्ये फैजल मलिकने त्या बापाचं रितं घर दाखवलं. घरी जावंसं वाटत नाही म्हणून बाहेर कुठेही पडून राहणारा माणूस. चौथ्यात तो हिंडतोय, प्रचार करतोय, त्याला विधानसभेच्या तिकिटाचं विचारलं जातं. काही जणांना हे खटकलं, दुःख इतक्या लवकर कुठे गेलं म्हणून. मला हे बरोबर वाटतं. घरात माणूस गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाहेरच्यांना वाटतं हा आता सावरला. तो कामात असतो, इतकंच. प्रह्लाद एकटा बसलेला असतो तेव्हा बघा, कुणी हाक मारल्यावर वळायला त्याला जो क्षणभर उशीर होतो त्यात सगळं आहे.

वाटसरू

दिवेलागण, ते वळायला लागणारा उशीर मलाही दिसला. म्हणूनच तर मी इतका तळमळतोय! ज्या नटांना नुसतं वळायला सांगितलं तरी गोष्ट पुढे जाते, त्यांना तुम्ही प्रचारात धावायला लावता?

विनोदचा प्रसंग उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण तोही बघा कसा घडलाय. एक घर, एक ताट, चार माणसं आणि भरपूर वेळ. म्हणजे लेखकांना जुनी रीत येते, विसरलेली नाही. मग बाकीचे भाग असे का?

मधली सुट्टी

मी थोडं मालिकेच्या बाजूने बोलते. पहिला सीझन ३ एप्रिल २०२० ला आला, तेव्हा आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो. बाहेर काय चाललंय या भीतीत ते मोकळं आकाश, ते शेत, तो रिकामा रस्ता बघताना जो दिलासा मिळाला तो पुन्हा कुठल्याच सीझनला मिळणार नाही, कारण आपणच आता त्या जागी नाही. आपण दर वेळी तोच दिलासा मागायला जातो. मालिकेने पाच वर्षांत एकाच जागी बसून राहावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आणि दोन गोष्टी अजूनही जागच्या जागी आहेत. अनुराग सैकियाचं संगीत सुरू झालं की खांदे आपोआप सैल होतात. दुसरं म्हणजे ते गाव. गोष्टीत बलिया जिल्हा असला तरी चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडियाला होतं. चार सीझन त्याच गावात काम केल्यामुळे कुठल्या ओट्यावर ऊन कधी येतं हे त्या लोकांना पाठ असावं असं चित्रांवरून वाटतं.

पारावरचा

मधली सुट्टी, दिलाशाचा मुद्दा मान्य, पण मग मालिका पुढे गेली ती कुठे, हे विचारायला हवं. मला वाटतं ती गावाच्या आत आत जातेय. पहिल्या सीझनमध्ये शहरातल्या मुलाच्या नजरेतून गाव गमतीचं दिसतं. दुसऱ्यात त्याला माणसं कळतात. तिसऱ्यात आमदाराशी वैर वाढतं, वरचं राजकारण येतं. चौथ्यात गावातलंच वैर उघडं पडतं. ज्याने गावात पंचायतीची निवडणूक पाहिलीय त्याला माहीत आहे की लोकसभेला जेवढी कटुता येत नाही तेवढी इथे येते. लोकसभेचा उमेदवार कुठला कोण, आणि इथे समोरचा रोज विहिरीवर, दळणाला, मयतीला भेटणार असतो. निकालानंतर दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत अशी घरं मी पाहिली आहेत. या सीझनमध्ये हसू कमी झालं ते यामुळे, आणि ते कमी व्हायलाच हवं होतं. लेखकांनी हिंमत दाखवलीय.

झुंजूमुंजू

पण मग विनोदी मालिका म्हणून का बघायची हो?

पारावरचा

विनोदी म्हणून नका बघू. मालिका दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागातच त्या खणातून बाहेर पडली. आणि हसू पूर्ण गेलेलंही नाही, दुर्गेश कुमारचा बनराकस प्रचाराला निघाला की मला हसू आवरत नव्हतं. जिंकल्यावरचा त्याचा चेहरा आठवा. इतकी वर्षं हिणवलेल्या माणसाला गाव खांद्यावर घेतं तेव्हा त्याला क्षणभर काय करावं तेच सुचत नाही.

अबोली

क्रांतीदेवी जिंकली ना पण? खांद्यावर तिचा नवरा कसा काय? बघा, इथेसुद्धा आपण निकाल भूषणच्या खात्यात टाकला. पारावरचा, तुम्हाला टोकत नाहीये, सगळे असंच बोलतायत. मालिकेने आपल्याला तसं बोलायची सवय लावलीय आणि त्यात तिचा दोष नाही कारण गावात असंच बोलतात. मला फक्त एवढंच हवंय की पाचव्या सीझनमध्ये कुणीतरी एकदा मोठ्याने हा प्रश्न विचारावा. रिंकीने विचारावा. ती शिकलेली आहे, आईची हार तिने घरातून बघितलीय, बापाने काय केलं तेही बघितलंय. सचिवजींशी लग्न कधी, यापेक्षा ती हा प्रश्न कधी विचारते याची मी वाट बघतेय.

पारावरचा

अबोलीताई, रास्त आहे. क्रांतीदेवी जिंकली.

ओसरी

सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. अबोली, तुमच्या सासूबाईंचा पदराचा प्रसंग वाचून मी थबकले. आणि रिंकीबद्दल तुम्ही म्हणता ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सानविका या नटीला चार सीझन बहुतेक लाजायला आणि टाकीवर जायलाच लावलंय, तिला एवढं मोठं काम मिळालं तर मालिकेचंही भलं होईल.

वाटसरू, तुमचं दुःख कळतं. प्रचाराचे दोन भाग कापून त्या जागी आचारसंहितेत अडकलेलं एक काम घातलं असतं तर तुम्ही आणि मी दोघंही खूश झालो असतो. निकाल मात्र मी बदलू देणार नाही. विनोदचं ताट आणि ते सौर दिवे एकाच हिशोबात आहेत असं मला आता अजून पक्कं वाटतंय. प्रधानजींचा गट वाईट नाही, फक्त त्यांना आपल्या माणसांपुढचं गाव दिसत नाही. दिवे असोत, घरकुल असो की जेवण, आधी आपले. आणि 'आपले' मोजले की पश्चिमेकडची घरं उरतात.

वाटसरू

निकाल ठेवा, प्रचार कापा. या तहावर मी सही करतो.

टाकसाळ

सहीवरून आठवलं. पाचवा सीझन २०२६ मध्ये येणार असं जाहीर झालंय, तर त्याबद्दल एक गोष्ट डोक्यात घोळतेय. पंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला प्रधान आणि सचिव दोघांची सही लागते. आपल्याकडे सरपंच आणि ग्रामसेवक, तसंच. म्हणजे अभिषेकला आता रोज क्रांतीदेवीसोबत कागदावर सही करायची आहे. ज्या गटाविरुद्ध तो मांडीला मांडी लावून बसला, त्याच गटाचा प्रत्येक ठराव त्याच्या टेबलावरून जाणार. त्याचा कॅटचा (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल चांगला लागलाय, तो निघून जाऊ शकतो. पण थांबला तर?

खडूफळा

थांबला तर ओसरींना हवा तो सीझन मिळेल! टेबलावर काम परत येईल. पश्चिमेकडच्या रस्त्याची फाइल येईल आणि ती मंजूर करायची की खोडा घालायचा हे सचिवजींना ठरवावं लागेल. जुन्या प्रधानजींच्या ओट्यावर चहा प्यायला जायचं की नाही हेही. आणि विनोद आता सत्तेतल्या माणसाचा माणूस आहे, त्याच्याशी गाव कसं वागतं हे मला बघायचंय.

दिवेलागण

आणि दुधी? तो आता ऑफिसात येणार की नाही?

ओसरी

येईल. प्रधानजींच्या परसात पिकतो तो, पंचायतीच्या नाही. पण चिन्ह होऊन पडलेला दुधी हातात देताना त्यांना आणि घेताना सचिवजींना काय वाटेल, ते बघायला मी पाचवा सीझन नक्की लावणार आहे. तोवर ज्यांनी चौथा अर्ध्यात सोडलाय त्यांनी निदान विनोदच्या जेवणापर्यंत तरी बघा आणि इथे येऊन लिहा. वाटसरू, तुम्ही पहिल्या सीझनचा दिव्यांचा भाग परत बघून सांगा, माझा हिशोब बरोबर निघतो का ते.

वाटसरू

आज रात्रीच लावतो. उद्या लिहितो.